आवळ्याखालची खुर्ची

ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात सगळ्या गावाची कामं पडतात, हे मी स्वानुभवाने सांगतो. विमा कंपनीतून निवृत्त होऊन मी घरी बसलो, त्याच आठवड्यात आमच्या वाडीच्या कमिटीचे अध्यक्ष अप्पा सावंत खडूचा डबा घेऊन दारात उभे राहिले. "अभयराव, आजपासून फाटकावरचा फळा तुमचा," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी हो म्हणालो की नाही, ते त्यांनी विचारलंच नाही.

आमची वाडी परळला आहे, पण ती सापडायला वाट माहीत असावी लागते. उड्डाणपुलावरून बघितलं तर टॉवरांच्या मधोमध नुसता झाडांचा पुंजका दिसतो. त्या पुंजक्यात आमच्या दोन चाळी आहेत. एक आंबा, एक जांभूळ, दोन बकुळी, एक बदाम आणि मागच्या मोरीजवळ एक आवळा. एवढ्या झाडांत राहायचं म्हणजे रोज काही ना काही घडतं. म्हणून पाणी कधी येणार आणि कोण गेलं, एवढंच ज्या फळ्यावर लिहीत त्यावर मी ऋतूंच्या बातम्या द्यायला सुरुवात केली. "जांभळं पिकली आहेत. पांढरे कपडे खाली वाळत घालू नयेत." "बकुळीचा सडा सुरू झाला. सकाळी घाईने चालू नये." "आंब्यावर कावळ्याने घर केलं आहे. टक्कल असणाऱ्यांनी छत्री वापरावी." ही शेवटची बातमी अप्पांनी स्वतःवर घेतली आणि पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. वाडीत टकलं तशी बरीच आहेत, पण ज्याचं त्याला लागतं.

आता खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या बातम्या माझ्या नव्हत्या. मी खाली उभा असतो, मला झाडांचे बुंधे दिसतात. शेंडे दिसायचे रखमाकाकींना. काकी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान कुशाबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. काकींचे गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. सगळा दिवस गॅलरीत, कुशाबांच्या सागवानी खुर्चीत. गिरणी बंद पडली तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं, त्यात कुशाबांनी साहेबाची ही हातांची खुर्ची घेतली आणि डोक्यावरून घरी आणली. ज्या खुर्चीसमोर उभं राहून आयुष्यभर बोलणी खाल्ली ती खुर्ची घरात बायकोला बसायला दिली, असा हा माणूस.

सकाळी मी खडू घेऊन फळ्याशी गेलो की वरून हाक यायची, "अभया, लिव! आंब्याक मोहोर इलो. तुका खालसून दिसाचो नाय." मी फळ्याचे दोन भाग केले होते. खाली खालची बातमी आणि वर वरची. वरच्या बातमीखाली मी "र. कु." लिहायचो. ते बघून लहान मुलं विचारायची की हा र. कु. कोण, आणि काकी वर गॅलरीत पदर तोंडाला लावून हसायच्या.

गेल्या दसऱ्याला मी सोनं द्यायला वर गेलो तेव्हा काकींचा मुलगा राहुल आला होता. तो बदलापूरच्या पुढे कुठल्याशा मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो. म्हणाला, "काका, दिवाळीनंतर आईला घेऊन जातोय. तिथे लिफ्ट आहे." त्याचं चुकत नव्हतं. एकट्या बाईला तिसऱ्या मजल्यावर किती दिवस ठेवणार?  राहुल पाणी आणायला आत गेल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "अभया, माका एकच करून दी. मी ह्या खोलयेत लग्न होवन इलंय तेव्हा तो आवळो माझ्या कमरेइतको होतो. दरवर्षी कार्तिकात आम्ही बायका त्याच्याखाली जेवण करू. आता कोण करणा नाय. एकदा त्याच्याखाली पानावर बसान जेवलंय, काय मगे माका खय व्हया थय नेवा."

आवळीभोजन! मला अगदी गहिवरून आलं. मी काकींचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "काकी, या नवमीला तुम्ही आवळ्याखाली जेवणार. हा शब्द माझा." शब्द देताना माणसाला फार बरं वाटतं. म्हणून तर तो देतो.

बेत साधा होता. अनुजाने, म्हणजे माझ्या बायकोने, वरणभात, आवळ्याची चटणी आणि खीर करायची. काकींच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधून चौघांनी त्यांना खाली आणायचं. सतरंजी टाकायची, जेवायचं, परत न्यायचं. अनुजा म्हणाली, "हे कुणाला सांगू नका हं. आपण आपलं गुपचूप करू." इतकी वर्षं संसार करून तिला अजून वाटतं की मी गुपचूप काही करू शकतो. माझ्या हातात फळा होता! मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, "यंदा वाडीत आवळीभोजन. इच्छुकांनी संपर्क साधावा."

इच्छुक म्हणजे कोण, तर सगळी वाडी. पहिला आला दुसऱ्या मजल्यावरचा लवू. लवू लग्नामुंजीत स्वयंपाकाची कंत्राटं घेतो, त्यामुळे जेवणाचा विषय निघाला की त्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "नुसत्या वरणभाताक माणसा येतली कशी?" तो म्हणाला. मी सांगितलं, बाबा रे, कार्तिक आहे, झाडाची पूजा आहे. त्याने बराच विचार केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुकट चालता काय?" मासळी नाही, म्हटलं. "जवळो?" मी नुसतं बघितलं. मग तो मसालेभातावर आला, मसालेभाताबरोबर मठ्ठा आला, मठ्ठ्याबरोबर जिलबी आली, आणि अनुजाच्या स्वयंपाकघरातलं भोजन लवूच्या टोपांत गेलं.

पाठोपाठ कल्पेश आला. हा पहिल्या मजल्यावरचा तरुण, मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. "काका, एवढा कार्यक्रम आणि बॅनर नाही? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, झाडाखाली बसून जेवायचं आहे, त्याला बॅनर कशाला? "मग लोकांना कळणार कसं, कुठल्या झाडाखाली बसायचं ते?"  मला वेळेवर उत्तर न सुचणं हेच माझ्या बहुतेक संकटांचं मूळ आहे.

एक काम मात्र मी विसरलो नव्हतो. खुर्ची खाली आणायची रंगीत तालीम. काकींनी बजावलं होतं, "माका पोत्यासारख्या उचलूक नकात. मानान बसवन नेवा." तेव्हा आधी कुणालातरी बसवून जिना बघून घ्यायला हवा होता. कल्पेश आणि त्याचे तीन दोस्त बांबू बांधून तयार झाले आणि बसायला मी.

तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत मी राजासारखा आलो. पुढे वळणावर मागचे दोघे वर राहिले, पुढचे दोघे खाली गेले, आणि खुर्ची कठड्यात अडकली. मी आकाशाकडे तोंड करून आडवा. भीतीने डोळे घट्ट मिटलेले. नेमका तेव्हाच लवूने दार उघडलं. त्याने काय बघितलं? चार माणसं, दोन बांबू, मध्ये मी, डोळे मिटलेला. त्याने दार लावून घेतलं आणि वाडीच्या ग्रुपवर टाकलं, "अभयरावांना खाली आणत आहेत."

आम्ही खुर्ची सोडवून खाली येईपर्यंत फाटकाशी माणसं जमली होती. डिलाईल रोडवरून माझा मेव्हणा टॅक्सीने निघाला होता. अनुजा भायखळ्याहून भाजी घेऊन येत होती. बायकांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला धरलं. ती म्हणाली, "अहो, सकाळी तर दोनदा पोहे खाल्ले त्यांनी." इतक्यात मी जिन्यातून चालत आलो. मला जिवंत बघून काहींच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, थोडी निराशाच दिसली. अप्पा तर फळा पुसून तयार होते. त्यांनी "कळविण्यास दुःख होते की" एवढं लिहूनही टाकलं होतं, आणि "कळविण्यास"मधली वेलांटी चुकवली होती. माझ्या स्वतःच्या मरणाची बातमी अशा अक्षरात!

काकी वर गॅलरीत हसून हसून खोकत होत्या. "माका न्याल तेव्हा बसवन नेवा हां! निजवन नाय!" सगळी वाडी हसली. किती तरी वर्षांनी वाडी अशी एकत्र हसली असेल. तेव्हाच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण अप्पांनी परवानगीचा मुद्दा काढला. उघड्यावर गॅस पेटवायचा, मंडप घालायचा, माइक लावायचा, आणि परवानगी नाही? उद्या कुणी तक्रार केली तर? आमच्या वाडीविरुद्ध तक्रार करतील अशी माणसं आमच्याच वाडीत आहेत, म्हणून मी गेलो. एका कचेरीत झाडांचं काम बघणाऱ्या साहेबांपुढे उभा राहिलो.

"झाड तोडायचंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"फांद्या छाटायच्यात?"

"नाही."

"लाइटिंग करायचीय? खिळे मारायचेत?"

"नाही हो. झाडाखाली जेवायचंय."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग जेवा ना. इथे कशाला आलात?"

"परवानगी लागेल म्हणतात."

"कशाची?"

"जेवायची."

त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. शेजारच्या टेबलाने आगीच्या माणसाकडे पाठवलं, त्याने पोलिसांकडे, पोलिसांनी विचारलं झाडवाल्यांचं पत्र कुठंय. मी पुन्हा पहिल्या साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा ते डबा खात होते. म्हणाले, "झालं का जेवण तुमचं?"

अप्पांनी मग आपल्या ओळखीतल्या एका पुढाऱ्यांना फोन केला. सगळ्या परवानग्या संध्याकाळी घरपोच आल्या. आता ज्या पुढाऱ्यांनी परवानग्या मिळवून दिल्या त्यांना जेवायला बोलवायला नको? आणि ते येणार तर चार शब्द बोलणार. बोलणार तर स्टेज हवं. स्टेज झालं म्हणजे सूत्रसंचालक हवा. "अभयरावांसारखं शुद्ध मराठी वाडीत कुणाचं आहे?" अप्पा म्हणाले. "तुमच्या त्या ऋतूच्या बातम्यापण वाचा माइकवरून. साहेबांना आवडतात असल्या गोष्टी."

मी विरघळलो. इथेच मी विरघळलो, याबद्दल माझ्या मनात आता काही शंका नाही. दोन दिवस मी आरशासमोर उभा राहून बातम्या वाचत होतो. अनुजाने एकदा विचारलं, "काकी पहिल्या पंगतीला ना?" मी म्हटलं, "अगं, अर्थात! त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

नवमीला सकाळी वाडी ओळखू येत नव्हती. आवळा कुठे दिसतच नव्हता, कारण बॅनर त्याच्यासमोर आला होता. बॅनरवर पुढारी, अप्पा, कल्पेशचे भागीदार आणि कोपऱ्यात एक आवळा. कल्पेशने इंटरनेटवरून घेतलेल्या त्या आवळ्याचा रंग सफरचंदासारखा होता. काकींची खुर्ची आम्ही लवकरच खाली आणली, कारण अंगणात मोकळ्या जागेत बांबू नीट घट्ट बांधायचे होते. खुर्ची खाली ठेवली, तेवढ्यात अप्पा आले.

"साहेब काय प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणार?" त्यांनी विचारलं. "ही बरी आहे. हातांची. यावर एक टॉवेल टाका."

"अप्पा, ही काकींची—"

"अरे, साहेब येतील, दोन मिनिटं बसतील, जातील. मग आणू की काकींना. पळून जातेय का खुर्ची?"

खुर्ची स्टेजवर गेली. तिचे बांबू कल्पेशने बॅनरला टेकू द्यायला नेले, कारण वारा सुटला होता. मी वर बघितलं. काकी गॅलरीत उभ्या होत्या. हिरवं नऊवारी नेसल्या होत्या, केसांत कित्येक वर्षांनी अबोलीचा वळेसर माळला होता. मी हाताने खूण केली, थोडा वेळ थांबा. त्यांनी मान हलवली.

साहेब उशिरा आले. म्हणजे पाहुणे जितके उशिरा येतात त्याहूनही उशिरा. तोवर लोकांना भूक लागली, लवूने एक पंगत उठवली. मग साहेब आले, बसले, आणि उठेचनात. त्यांना खुर्ची आवडली. "अशी खुर्ची आता मिळत नाही," असं ते भाषणातसुद्धा म्हणाले. कार्यकर्ते येऊन तिच्या हातांवर टेकून फोटो काढत होते. आणि मी? मी माइकवर होतो. मी "कार्तिकाची कोवळी उन्हं" म्हटलं, टाळ्या आल्या. मी "आमच्या वाडीचं पान न् पान बोलतं" म्हटलं, पुन्हा टाळ्या. अनुजा वाढता वाढता हातात भाताचं पातेलं घेऊन स्टेजशी आली आणि विचारलं, "अहो, काकींना आणलं ना?" मी माइकवर हात ठेवून म्हणालो, "हो हो, चाललंय." काय चाललं होतं, देव जाणे.

मग माझं लक्ष वर गेलं. काकी कठड्याला धरून एक हात हलवत होत्या. हळूहळू, पण सारख्या. मला काय वाटावं? मी माइकमध्ये म्हणालो, "आणि मंडळी, बघा, आमच्या वाडीच्या ज्येष्ठ सदस्या रखमाकाकी वरून आपल्या सर्वांना आशीर्वाद देत आहेत!" सगळ्यांनी वर बघून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात जोडले. काकींचा हात हवेत होता तिथेच थांबला. मग त्यांनीही हात जोडले आणि आत गेल्या.

मंडप उतरवताना मला आठवलं. आठवलं म्हणणंसुद्धा खोटं आहे. रिकामी खुर्ची दिसली म्हणून आठवलं. तिचा एक हात निखळून लोंबत होता. मी लवूकडे धावलो. टोप घासायला गेले होते. त्याने कुठून तरी बुडाचा मसालेभात आणि एक जिलबी काढून दिली. ते ताट घेऊन मी तीन मजले चढलो. ते जिने मी आयुष्यभर चढतोय, पण त्या दिवशी मला वर पोचूच नये असं वाटत होतं.

काकी उंबऱ्याजवळ पाटावर बसल्या होत्या. खुर्ची खाली होती, बसणार कशावर? दिवसभर त्या एकतर उभ्या होत्या नाहीतर त्या पाटावर, आणि पाटावरून उठायला त्यांना भिंत धरावी लागत होती. मला बघून म्हणाल्या, "सगळ्यांका पुरला मां जेवण?"

 ज्याचं शुद्ध मराठी वाडीत प्रसिद्ध तो मी, नुसता ताट हातात घेऊन उभा.

"तू बोललंस बरा," त्या म्हणाल्या. "आवाज वरपर्यंत इलो. माणसा मोप जमली. कुशाबा आसते तर खूश झाले आसते, त्यांच्या खुर्चेत एवढो मोठो माणूस बसलो." मग ताटातली जिलबी घेतली, अर्धी मला दिली. "खा. तू पण जेवक नसशीत."

मी खरंच जेवलो नव्हतो. ती अर्धी जिलबी मी कशी गिळली ते मलाच ठाऊक. म्हणालो, "काकी, आवळीभोजन पुनवेपर्यंत चालतं, अजून दिवस आहेत. उद्याच करू. फक्त आपण."

आणि तुम्हाला वाटेल, केलं असेल. दुसऱ्या दिवशी सुतार म्हणाला, खुर्चीचा हात बसवायला उद्या येतो. तो उद्या आला नाही. कल्पेशला एका लग्नाचा मंडप आला. बांबू त्याच मंडपात गेले. मला, भाषणाने असेल, ताप भरला. अनुजा म्हणत होती, दुसरी खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची घ्या, काहीही घ्या. मी म्हणत होतो, नाही, काकींना मानाने आणायचं. मानापायी पौर्णिमा गेली.

राहुल आला तेव्हा खुर्ची दुरुस्त झाली होती. बांबूही आले होते. कल्पेश, त्याचे दोस्त, आणि या वेळी मीसुद्धा एका टोकाला. काकी हिरवं नऊवारी नेसून बसल्या आणि खुर्ची कुठेही न अडकता खाली आली. वळणावरसुद्धा नाही. फाटकात टॅक्सी उभी होती. मी म्हणालो, "थांबा," आणि खुर्ची मागे आवळ्याखाली नेऊन टेकवली. अनुजा घरात पळाली, डब्यात आमटीभात घालून केळीच्या पानाचा तुकडा घेऊन आली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

काकींनी पानाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. "पुनव झाली रे, अभया," म्हणाल्या. "आता ता नुसता जेवण."

त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. खाली पडलेला एक आवळा अनुजाने उचलून दिला, तो त्यांनी कमरेला खोचला. आमटीभाताचा डबा मात्र घेतला, वाटेत राहुलला भूक लागेल म्हणून. खुर्ची नेली नाही. तिकडच्या गॅलरीत ती मावणार नाही, असं राहुलने सांगितलं. ती माझ्याकडे आहे. अनुजा तिच्यावर मला बसू देत नाही, आणि मलाही बसवत नाही.

फळा मी अजून लिहितो. खालची बातमी लिहितो, वरचा भाग मोकळा असतो. अप्पा म्हणतात, जागा फुकट जाते, तिथे क्लासची जाहिरात घ्या. मी अजून घेतलेली नाही.

परवा काकींचा फोन आला. आवाज बारीक झालाय. विचारलं, "आज काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. मग सवयीने माझ्या तोंडून गेलं, "वरची बातमी काय, काकी?"

"हयसून काय दिसाचा नाय रे," त्या म्हणाल्या. "नुसत्यो खिडक्यो." मग त्यांनीच विचारलं, "आवळ्याक शेंड्यार पालवी फुटली काय रे? ह्या दिसात फुटता."

मी म्हटलं, थांबा, बघून सांगतो. चपला घातल्या, फोन कानाला तसाच धरून आवळ्याखाली गेलो आणि मान मोडेपर्यंत वर बघितलं. खालून काही दिसलं नाही.